स्पर्धेचा चार्ज

भोसरी एमआयडीसीत किंवा चाकणच्या कुठल्याही कारखान्यात पाळी बदलते तेव्हा काही मिनिटं दोन्ही पाळ्यांची माणसं एकाच मशीनपाशी उभी असतात. जाणारा येणाऱ्याला सांगतो, तीन नंबरचं टूल आत्ताच बदललंय, पहिले पाच पीस मोजून घे. सकाळच्या लॉटला बर येत होती, गेज लावल्याशिवाय पुढे सोडू नको. कूलंट कमी आहे, स्टोअरला सांगून ठेवलंय. यातलं निम्मं रजिस्टरमध्ये असतं, निम्मं तोंडी. तरी लाइन थांबत नाही, कारण चार्ज देणारा आणि घेणारा थोडा वेळ का होईना, समोरासमोर असतात.

मोठी क्रीडास्पर्धा भरवणाऱ्यांच्या नशिबी ही सोय नसते. तिथे पहिली पाळी घरी गेल्यावर दोन-चार वर्षांनी दुसरी पाळी येते, आणि तीही दुसऱ्या गावात, दुसऱ्या छपराखाली. संयोजन समिती शून्यातून उभी राहते. सरकारी खात्यांतून प्रतिनियुक्तीवर माणसं येतात, कंत्राटी भरती होते, शेवटच्या महिन्यात स्वयंसेवकांची फौज दाखल होते. समारोपाचे फटाके विझले की प्रतिनियुक्तीवरचे आपापल्या खात्यात परततात, कंत्राटं संपतात, भाड्याचे संगणक परत जातात, कार्यालयाची जागा रिकामी होते. उरतात ते हिशेब तपासणारे. बस कुठे अडकली, कुठल्या दाराशी रोज वाद झाला, कुठला पुरवठादार ऐन वेळी हात वर करून बसला, हे ज्यांना ठाऊक असतं ती माणसं तोवर पांगलेली असतात. पुढचा यजमान मग त्याच चुका नव्या उत्साहाने करतो, आणि त्यांची किंमतही नव्याने मोजतो.

हा प्रश्न समजून घ्यायला पिंपरी-चिंचवडच्या वेशीइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. मुळा नदीच्या अलीकडे वाकड, पलीकडे म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्रुतगती महामार्ग सुरू होतो त्या किवळ्याजवळ, गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. वास्तुविशारद शशी प्रभू. पुढे तिथे २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, २०१३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स, २०१९ च्या जानेवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा आणि २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल करंडकाचे सामने. खेळ वेगळे, मालक वेगळे, आयोजक वेगळे, जागा तीच. त्यामुळे काय पुढे पोचलं आणि काय वाटेत सांडलं, हे इथे जवळून दिसतं.

कागदावर न मावणारं

आयोजनाचं ज्ञान ढोबळमानाने तीन थरांचं असतं. पहिला थर कागदाचा: नकाशे, निविदा, करार, वेळापत्रकं, किती खाटा लागल्या, किती जेवणं उठली. हा थर पुढच्याला देणं सोपं. फाइल नीट ठेवली की झालं.

दुसरा थर सवयीचा. समजा, बालेवाडीत संध्याकाळी सात वाजता अंतिम फेरी आहे आणि खेळाडूंची बस वाकडच्या हॉटेलातून निघायची आहे. नकाशावर अंतर किरकोळ. नवखा माणूस अर्ध्या तासाचं गणित मांडेल. पण त्याच सुमाराला हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या कंपन्या सुटतात आणि बंगळूर महामार्गावर वाकडच्या पुलापाशी गाड्यांची रांग लागते. ज्याने एकदा तिथे संघाची बस अडकलेली पाहिली आहे, तो पुढच्या वेळी बस लवकर काढतो, संघाचं सामान वेगळ्या टेम्पोने दुपारीच पाठवतो आणि संकुलाच्या दारावरच्या हवालदाराचा नंबर चालकाच्या हातात देऊन ठेवतो. अहवालात मात्र एवढंच छापलं जातं: ‘वाहतूक व्यवस्था समाधानकारक होती.’

तिसरा थर नात्यांचा. पोलीस आयुक्तालय, महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग, महावितरणचा उपअभियंता, शेजारच्या गावचे पार्किंगसाठी शेत देणारे शेतकरी, या सगळ्यांना कुणाचा फोन गेला की काम होतं, हे कुठल्याही हस्तपुस्तिकेत लिहिता येत नाही. २०१३ च्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा ३ ते ७ जुलैला झाल्या. त्या वर्षी आषाढी एकादशी होती १९ जुलैला. म्हणजे देहू-आळंदीहून निघालेल्या पालख्यांचे पिंपरी-चिंचवड आणि पुण्यातले दिवस स्पर्धेला लागूनच आले. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीत पडतो, तेव्हा जुना मुंबई-पुणे रस्ता कुणाचा असतो हे इथल्या पोराला विचारलं तरी सांगेल. परदेशातून आलेल्या तांत्रिक प्रतिनिधीला ते कळायचं काही कारण नाही. बंदोबस्ताचे पोलीस किती मिळतील, कुठला रस्ता कधी मिळेल, याचं उत्तर त्या आठवड्यात पंचांगात होतं.

हंगेरीत जन्मलेले विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी माणसाच्या ज्ञानाचा एक मोठा भाग शब्दांत न उतरणारा असतो, असा विचार मांडला. व्यवस्थापनशास्त्राने तो पुढे उचलला, जपानच्या इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५ च्या त्यांच्या पुस्तकात त्यावर कारखान्यांचं शास्त्र उभं केलं. क्रीडास्पर्धांच्या जगाला याची जाणीव व्हायला मात्र विसावं शतक संपावं लागलं.

सिडनीचा व्यवहार

१८९६ पासून ऑलिंपिकचा यजमान एक अधिकृत अहवाल छापत आला आहे. जाडजूड खंड, सुंदर छायाचित्रं, निकालांचे तक्ते. अडचण एवढीच की हे खंड स्पर्धा संपून बऱ्याच काळाने येत आणि त्यांत काय घडलं ते असे. कसं घडवलं आणि कुठे फसलं ते क्वचितच. यश साजरं करणाऱ्या ग्रंथाकडून चुकांची कबुली मागणं चुकीचंच.

सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या वेळी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वेगळा मार्ग धरला. सिडनीच्या संयोजन समितीकडून तिने हे ज्ञान सरळ पैसे मोजून घेतलं, ५० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन. प्रत्येक विभागाने आपलं काम कसं केलं याच्या मार्गदर्शिका तयार झाल्या आणि त्या अथेन्सपासूनच्या पुढच्या यजमानांच्या हाती पडल्या. ज्ञानाला किंमत असते, आणि जे विकत घेतलं जातं ते जपून लिहिलं जातं, हे त्या व्यवहारातून सिद्ध झालं.

पण नुसत्या मार्गदर्शिकांनी भागलं नाही. हळूहळू या व्यवस्थेला आणखी तीन पाय फुटले. एक, निरीक्षक: पुढच्या यजमानाची माणसं चालू स्पर्धेत येऊन पडद्यामागचं काम पाहतात. दोन, उमेदवारी: त्यांतली काहीजण चालू समितीत काही महिने प्रत्यक्ष नोकरी करतात. तीन, उजळणीची बैठक, आणि तीही पुढच्या यजमानाच्या गावात. लंडन ऑलिंपिक २०१२ च्या ऑगस्टमध्ये संपलं. त्याच नोव्हेंबरात लंडनचे लोक रिओला जाऊन बसले. आठवणी ताज्या असताना आणि विचारणाऱ्याला प्रश्न पडलेले असताना ही बैठक होते, म्हणून तिचा उपयोग. दोन वर्षांनी घेतली तर त्याच बैठकीत फक्त किस्से निघतात.

यातली मेख अशी की हे सगळं यजमानाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. ज्ञान देणं आणि घेणं ही दोन्ही यजमानपदाच्या करारातली कामं आहेत. यजमान बदलतो, ऑलिंपिक समिती लोझानमध्ये कायम असते. स्मृती तिच्याकडे राहते.

चेन्नईहून पुण्याला

आता आपल्याकडे. पाच-सहा वर्षांच्या अंतरात तीन मोठ्या स्पर्धा चेन्नईहून उठून पुण्याच्या या पट्ट्यात आल्या. तिन्हींत ज्ञान वेगवेगळ्या वाटेने आलं, म्हणून त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स. श्रीलंकेच्या खेळाडूंच्या सहभागावरून तामिळनाडू सरकारने यजमानपद नाकारलं आणि स्पर्धेला जेमतेम काही महिने उरले असताना नवं घर शोधायची वेळ आली. ते बालेवाडीत सापडलं. इथे चेन्नईकडून शिकण्यासारखं काही नव्हतं, कारण चेन्नईत स्पर्धा झालीच नव्हती. कामाला आली ती जागेची स्मृती: २००८ मध्ये राष्ट्रकुलातले खेळाडू जिथे धावले तोच परिसर, वसतिगृहं, खेळाडूंची ये-जा सांभाळलेले कर्मचारी. दुसरा आधार तांत्रिक अधिकाऱ्यांचा. स्टार्टर, फोटो-फिनिश वाचणारे पंच, भालाफेकीचं अंतर मोजणारे, ही मंडळी स्पर्धेच्या गावाची नसतात. ती महासंघाबरोबर गावोगाव फिरतात आणि नियमांचं ज्ञान बरोबर नेतात. मैदान पुण्याचं, पंच देशभरातले, अशी ती जोडणी होती. विकास गौडाने थाळीफेकीत आणि भारतीय महिलांनी ४ बाय ४०० मीटर रिलेत सुवर्ण मिळवलं ते याच मैदानावर.

दुसरी टेनिसची. १९९७ पासून चेन्नईत होणारी एटीपी स्पर्धा २०१८ च्या पहिल्या आठवड्यात ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ या नावाने बालेवाडीत आली. इथे स्पर्धेचा परवाना एका व्यावसायिक कंपनीकडे होता. तिने गाव बदललं, पण खेळाडूंशी बोलणी, प्रायोजक, प्रक्षेपण, कोर्टवरच्या जाहिरातफलकांपर्यंतचा सगळा संसार बरोबर आणला. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने त्याला स्थानिक अंग दिलं. २०२३ पर्यंत पुण्यात ती पाच वेळा झाली आणि मग कॅलेंडरमधला तो आठवडा हाँगकाँगकडे गेला. परवाना गेला, पण शिकलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं नाही. पुढच्याच वर्षापासून त्याच कोर्टांवर चॅलेंजर दर्जाची महा ओपन भरू लागली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये बिली जीन किंग करंडकाच्या आशिया-ओशिनिया गटाचे सामनेही तिथे झाले. पाहुण्याने आणलेलं कौशल्य यजमानाने स्वतःचं करून घेतलं, याचं हे चांगलं उदाहरण.

तिसरी हालचाल सगळ्यांत घाईची. २०१८ च्या एप्रिलमध्ये कावेरी पाणीप्रश्नावरून चेन्नईत आंदोलन पेटलं. चेन्नई सुपर किंग्जचा घरचा एक सामना कसाबसा पार पडला आणि उरलेले सहा गहुंजेला हलवले गेले. दहा दिवसांत पहिला सामना. चाहत्यांसाठी चेन्नईहून खास रेल्वे निघाली, स्टेडियम पिवळं झालं. एवढं झटपट जमलं ते दोन गोष्टींमुळे. आयपीएलमध्ये खेळपट्टीपासून जाहिरातफलकापर्यंत सगळ्याचे नियम ठरलेले आणि सगळीकडे सारखे. शिवाय गहुंजेच्या माणसांनी आधी पुणे वॉरियर्स आणि नंतर २०१६-१७ मध्ये रायझिंग पुणेचे सामने काढलेले होते.

तरी एक गोष्ट नियमांच्या वहीत नव्हती: पाणी. मैदानासाठी पवना नदीचं पाणी वापरायला उच्च न्यायालयाने महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला मनाई केली. पवनेच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवडची तहान आणि मावळातल्या शेतकऱ्यांचा हक्क अवलंबून आहे, हा इथला जुना आणि दुखरा विषय. २०१६ मध्ये दुष्काळामुळे महाराष्ट्रातले सामने राज्याबाहेर गेले, पुण्याचे विशाखापट्टणमला, तेव्हाच याची चुणूक मिळाली होती. सामने झाले, पण पाण्याची तजवीज वेगळी करून. सगळीकडे एकसारखे असलेले नियम नदीच्या काठावर येऊन थांबतात आणि तिथून पुढे गावाला ओळखणारा माणूस लागतो.

धाकट्या भावाकडून थोरल्याकडे

२००८ च्या १२ ते १८ ऑक्टोबरला पुण्यात तिसऱ्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. ७१ देशांचे खेळाडू, नऊ खेळ. शुभंकर होता ‘जिगर’ नावाचा वाघाचा बच्चा, दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या ‘शेरा’चा धाकटा भाऊ. त्या नात्यातून आयोजकांना काय सुचवायचं होतं ते स्पष्ट आहे: पुण्यात रंगीत तालीम, दिल्लीत प्रयोग. दोन्हींच्या संयोजनाचं अध्यक्षपद सुरेश कलमाडी यांच्याकडेच होतं, त्यामुळे चार्ज देण्या-घेण्याचा प्रश्नच नव्हता, असं वरवर पाहता कुणालाही वाटेल.

युवा स्पर्धांत भारत पदकतक्त्यात पहिला आला. स्पर्धा सुरळीत पार पडल्या. दिल्लीची कहाणी सर्वांना माहीत आहे. यजमानपद २००३ च्या नोव्हेंबरमध्ये मिळालं, संयोजन समितीची नोंदणी व्हायला २००५ उजाडलं. २०१० च्या सप्टेंबरमध्ये, उद्घाटनाला दोन आठवडे असताना, मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. क्रीडाग्रामातल्या अस्वच्छतेच्या तक्रारी जगभर गेल्या. २०११ च्या ऑगस्टमध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. त्यात खर्च आणि कंत्राटांवरच्या आक्षेपांबरोबर आणखी एक निरीक्षण आहे, ज्याच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही: संयोजन समितीचं दस्तऐवजीकरण इतकं अपुरं होतं की नोंदी पूर्ण आहेत की नाहीत याची खात्री देता येत नाही.

हे वाक्य हिशेबाच्या संदर्भातलं आहे. पण त्याचा अर्थ हिशेबापुरता राहत नाही. निर्णय कुणी, कधी, कशाच्या आधारावर घेतला, याची नोंद नसेल तर लेखापरीक्षक जसा अडतो तसाच पुढचा यजमानही अडतो. अनियमितता लपवणारी आणि शिकवण हरवणारी फट एकच असते.

अध्यक्ष तोच असूनही पुण्याची तालीम दिल्लीला पुरेशी का ठरली नाही? एक कारण आकाराचं. नऊ खेळ एका संकुलाभोवती भरवणं आणि राजधानीभर विखुरलेली स्टेडियमं एकाच वेळी बांधत-बांधत स्पर्धा उभी करणं, यांत फरक केवळ मोठेपणाचा नव्हे. दिल्लीत केंद्र सरकार, राज्य सरकार, महापालिका, दिल्ली विकास प्राधिकरण अशी अनेक घरं होती आणि कुणाचं काम कुठे संपतं हे शेवटपर्यंत धूसर राहिलं. दुसरं कारण या प्रकरणाच्या विषयाला थेट भिडणारं आहे. वरचा माणूस तोच असला तरी बालेवाडीत बस सोडणारा, दारावर ओळखपत्रं तपासणारा, स्वयंपाकघराला आकडे कळवणारा दिल्लीत तोच नव्हता. आयोजनाचं खरं ज्ञान मधल्या आणि खालच्या फळीत साचतं. अध्यक्षाच्या खुर्चीतून ते पुढे जात नाही.

मधली गाळलेली वर्षं

राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या समारोपात भारतीय ऑलिंपिक संघाचा ध्वज पुढच्या यजमान राज्याच्या हाती दिला जातो. मोठा देखणा क्षण असतो. पण या ध्वजाचा प्रवास पाहिला तर त्यात मोठमोठे खड्डे दिसतात. १९८७ केरळ, मग थेट १९९४ महाराष्ट्र. २००२ आंध्र प्रदेश, मग २००७ आसाम. झारखंडच्या स्पर्धा पुढे ढकलत-ढकलत २०११ मध्ये झाल्या. २०१५ मध्ये केरळात समारोप झाला त्यानंतर गोव्याची पाळी होती, पण तारखा पुन्हा पुन्हा बदलल्या, मध्ये कोविड आला. अखेर २०२२ मध्ये गुजरातने स्पर्धा घेतल्या आणि गोव्याचा नंबर २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागला.

सात वर्षांचा खंड म्हणजे काय? सरकारी अधिकाऱ्याची तीन वर्षांनी बदली होते असं धरलं, तर मागच्या आणि पुढच्या स्पर्धेमध्ये निदान दोन पिढ्या अधिकारी येऊन जातात. खेळाडूंची पिढी बदलते. संगणकाची प्रणाली बदलते, आणि जुनी माहिती ज्या सीडीत ठेवली ती लावायला यंत्र मिळत नाही.

मग गुजरातने शंभर दिवसांपेक्षा कमी वेळात सहा शहरांत स्पर्धा कशा उभ्या केल्या? सत्ता आणि पैसा ही उत्तरं खरी, पण अपुरी. या राज्यात २०१० पासून ‘खेल महाकुंभ’ नावाची तालुक्यापासून राज्यापर्यंतची स्पर्धा भरते. दरवर्षी नोंदणी, ड्रॉ, पंच, जेवण, प्रमाणपत्रं. गोव्याच्या पाठीशीही २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांचा अनुभव आणि तेव्हा उभी राहिलेली मैदानं होती. जे घरात नव्हतं ते, म्हणजे सायकलिंग आणि गोल्फ, गोव्याने दिल्लीला पाठवलं. आपल्याला काय जमत नाही हे वेळेवर ओळखणं हाही अनुभवाचाच भाग.

खेलो इंडिया युवा स्पर्धांनी या खंडाची उणीव काही प्रमाणात भरून काढली. २०१८ दिल्ली, २०१९ पुणे, २०२० गुवाहाटी, पुढे हरयाणा, मध्य प्रदेश, तामिळनाडू, बिहार. यजमान बदलतो, भारतीय क्रीडा प्राधिकरण कायम राहतं. बालेवाडीतल्या जानेवारीनंतर पुढच्याच जानेवारीत गुवाहाटीचा नंबर होता. मधे विसरायला वेळच नव्हता.

शहराच्या पातळीवर हेच पिंपरीतल्या नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियममध्ये दिसतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, २०२४ च्या मार्चमध्ये महिलांची. सामन्याआधी टर्फवर पाणी कधी आणि किती मारायचं हे तिथल्या माळ्याच्या हाताला कळतं. त्यासाठी कुणाला परिसंवाद घ्यावा लागत नाही. मात्र तो माळी टिकावा लागतो.

हौद आणि घाट

आंतरराष्ट्रीय समितीच्या मार्गदर्शिका जन्मण्याआधीपासून मराठी मुलखात स्पर्धा गावोगाव फिरत आल्या आहेत. महाराष्ट्र केसरी कुस्ती १९६१ मध्ये औरंगाबादला सुरू झाली, दिनकर दह्यारी पहिले मानकरी. तेव्हापासून यजमान गाव बदलत राहिलं. नरसिंग यादवने सलग तिसऱ्यांदा हा किताब मिळवला तो भोसरीत. इथे कायम राहणारा दुवा आहे मामासाहेब मोहोळांनी उभी केलेली कुस्तीगीर परिषद. विजेत्याची मानाची चांदीची गदा मोहोळ कुटुंब देतं. यजमान गाव मंडप, जेवण, बक्षिसं बघतं. परिषद वजनं, पंच, जोड्या.

मातीच्या हौदाचं काम मात्र कुठल्याच कागदावर नसतं. लाल माती चाळून घ्यायची, त्यात ताक, लिंबू, हळद, तेल मुरवायचं, रोज खोरं मारून ती भुसभुशीत ठेवायची. ओल जास्त झाली तर पाय रुततो, कमी झाली तर अंग सोलून निघतं. वस्ताद मूठभर माती उचलतो, आवळतो, सोडतो आणि ‘अजून दोन दिवस’ म्हणतो. हे पाहिलेला पठ्ठ्या पुढे आपल्या गावात तसंच करतो. तालमीतून तालमीत जाणारं हे ज्ञान परिषदेच्या भरवशावर नव्हतं, हे एका अर्थी बरंच झालं. कारण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये संघटनेतल्या वादातून फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. कायम राहणारा दुवाच दुभंगला की मान कुणाचा खरा, इथपासून प्रश्न सुरू होतात.

खंड पडला तर काय होतं, हे खेड-मावळ-शिरूरच्या बैलगाडा शर्यतींनी दाखवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मेमध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं शर्यतीचे घाट ओस होते. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत जंगी शर्यती भरल्या तेव्हा बक्षिसांत जेसीबीसुद्धा होता. बारी कशी लावायची, टोकनं कशी वाटायची, घाटाचा राजा कसा ठरवायचा, हे गाडामालकांच्या घराघरांत जिवंत होतं. परंपरेचा तो भाग सात वर्षांत पुसला गेला नाही, कारण तो यात्रेच्या गप्पांत आणि गोठ्यात जपलेला होता. नवं होतं ते कायद्याचं काम: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, बैलाला इजा होणार नाही याची हमी. यात मागच्या पिढीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या हंगामात ज्या गावाने परवानगीचा अर्ज नीट केला त्याची प्रत शेजारच्या यात्रा कमिटीला मिळणं हाच तिथला ज्ञानाचा चार्ज.

२०३० च्या आधी

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने इच्छा व्यक्त केली आहे. भारतात राष्ट्रकुलाची मोठी स्पर्धा भरवण्याचा अनुभव दोनच शहरांना आहे, पुणे आणि दिल्ली.

या पट्ट्यात आजवर जे घडलं त्यातून काही साध्या गोष्टी निघतात. स्पर्धेच्या पहिल्या दिवसापासून एका माणसाचं काम फक्त नोंद ठेवण्याचं असावं, आणि ती नोंद चुकांची असावी. यशाची नोंद ठेवायला प्रसिद्धी विभाग आहेच. समारोपानंतर सहा आठवड्यांच्या आत उजळणी व्हावी, पुढच्या यजमानाला समोर बसवून. पुढच्या यजमानाची दहा-वीस माणसं चालू स्पर्धेत हाताखाली राबावीत, पाहुणे म्हणून फिरू नयेत. यासाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ असावी, कारण ज्याला पैसा नाही ते काम समारोपानंतर कुणी करत नाही. आणि हे सगळं ठेवायला कायमचं घर असावं. महाराष्ट्रापुरतं ते घर शोधायला लांब जायला नको. राज्याचं क्रीडा आयुक्तालय बालेवाडीच्या संकुलातच आहे. १९९४ पासूनच्या अनेक मोठ्या स्पर्धा त्याच संकुलात झाल्या.

घाई का करायची याचं गणित मात्र सोपं आहे. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८. १९९४ मध्ये बाविसाव्या वर्षी नोकरीला लागून बालेवाडीत पहिली ड्यूटी केलेला कर्मचारी २०३० मध्ये निवृत्त होईल. २००८ च्या युवा स्पर्धांत ज्याचं वय ३६ होतं तोही त्याच वर्षी. म्हणजे पुण्याच्या त्या स्पर्धेत जबाबदारीच्या जागेवर असलेले जवळजवळ सगळे, अहमदाबादचं उद्घाटन होईल तोवर सरकारी सेवेच्या बाहेर असतील. त्यांना बालेवाडीत बोलावून, मानधन देऊन, गुजरातच्या अधिकाऱ्यांसमोर दोन दिवस बसवायला जो खर्च येईल तो एका सामन्याच्या फटाक्यांपेक्षा कमीच असेल. ते निमंत्रण २०२९ मध्ये गेलं, तर यायला थोडेच उरतील.